चौकटींतील अक्षरें आणि मनांतील रक्कम



बँकेच्या धनादेशावर रक्कम दोनदां लिहावी लागते, एकदां अक्षरी व एकदां अंकी. कागदावर उमटलेली खूण आणि लिहिणाराच्या मनांतील रक्कम या दोन भिन्न वस्तु आहेत. एकीवरून दुसरी ओळखतांना घोटाळा होऊं नये, म्हणून ही खबरदारी. संगणकाच्या कळफलकावरून लिहिलेलें वाचतांनाहि हीच खबरदारी कशी घ्यावी लागते, तें आमच्याच एका फजितीवरून सांगण्याचें येथें योजिलें आहे.

गरीब विद्यार्थ्यांच्या साह्यनिधीचा हिशेब ठेवण्यासाठीं आम्हीं वर्गांत एक लहानसा प्रोग्रॅम रचिला. त्याचें रूप मुद्दाम जुन्या धर्तीचें, म्हणजे १९९५ सालच्या विंडोजसारखें ठेविलें होतें : करडा पडदा, उठावदार बटण आणि लिहिण्यासाठीं दोन पांढऱ्या चौकटी. भाषा होती १९९८ सालची व्हिज्युअल बेसिक ६. चौकटींत दोन देणग्या लिहाव्या, ‘बेरीज’ हें बटण दाबावें, कीं खालीं एकूण रक्कम दिसावी, एवढेंच काम.

पहिल्या प्रयत्नांत आम्हीं ३५० आणि ७५ लिहिले. उत्तर आलें ३५०७५! कारण उघड आहे. चौकटींत जें सांठतें तो आंकडा नव्हे, तीं केवळ अक्षरें. इंग्रजी ५ हा अंक दाबला म्हणजे संगणकाजवळ ‘पांच’ ही संख्या जात नाहीं. त्या चिन्हाचा ५३ हा संकेतांक सांठविला जातो. आपल्या देवनागरी ५ चा संकेतांक तर युनिकोडमध्यें २४११ आहे. दोन्हीं चिन्हांचा अर्थ एकच, हें आपणांस ठाऊक. संगणकास तें शिकवावें लागतें. तेव्हां अधिक-चिन्हानें अक्षरांपुढें अक्षरें जोडलीं, यांत यंत्राचा दोष नव्हता.

मग आम्हीं ‘व्हॅल’ या आज्ञेनें अक्षरांची संख्या करून घेतली. उत्तर ४२५ आलें आणि आम्ही निश्चिंत झालों. पुढें एकानें पहिल्या चौकटींत १,२०० असें स्वल्पविराम देऊन लिहिलें व दुसरींत ३५०. बेरीज झाली ३५१! ‘व्हॅल’ डावीकडून वाचीत जाते आणि न समजणारें चिन्ह येतांच थांबते. स्वल्पविराम तिला समजत नाहीं. म्हणून बाराशें रुपयांचा एक रुपया झाला. वाईट गोष्ट ही कीं, तिनें तक्रारीचा एक शब्दहि काढिला नाहीं. कागदावरची यादी जवळ होती म्हणून बरें. नाहीं तर ११९९ रुपये हिशेबांतून नाहींसे झाले असते, आणि देणगी देणाराच्या मनांत नसता संशय आला असता.

बेसिक भाषा १९६४ सालीं डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कर्ट्झ या अध्यापकांनीं निर्माण केली. पुढें तींत ‘इनपुट’ ही आज्ञा आली. ती आली कीं प्रश्नचिन्ह उमटे आणि उत्तर लिहून होईपर्यंत प्रोग्रॅम खोळंबून राही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्यें संख्येच्या जागीं अक्षरें लिहिलीं, तर ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’, म्हणजे ‘पुन्हां आरंभापासून करा’, असें दरडावणी येई. काय चुकलें, हें मात्र कळत नसे. एक आज्ञा चूक गिळून टाकते, दुसरी कारण न सांगतां रागावते. दोन्हीं रीती शिक्षकास न शोभणाऱ्या.

मग योग्य रीत कोणती? आम्हीं शेवटीं ठरविलेला क्रम असा : बटण दाबलें जातांच चौकटींतील मजकूर प्रथम जसाच्या तसा घ्यावा. मागचीपुढची मोकळी जागा ‘ट्रिम’ या आज्ञेनें काढावी. चौकट रिकामी आहे काय, तें पाहावें. मग ‘इझ-न्युमेरिक’ या आज्ञेस विचारावें कीं, यांतून संख्या निघते काय? निघत असेल तरच ‘सी-कर’ या आज्ञेनें तिची रक्कम करावी. ही आज्ञा स्वल्पविराम ओळखते. तरीहि काम संपलें नाहीं. उणे पन्नास ही संख्या खरी, पण देणगी नव्हे. म्हणून रक्कम शून्याहून मोठी आहे ना, हेंहि पाहावें. कोठें अडलें, तर ‘पहिल्या चौकटींत रक्कम अंकांत लिहा’ असें स्पष्ट सांगावें, लिहिलेलें पुसूं नये, आणि दर्शक त्याच चौकटींत नेऊन ठेवावा. रक्कम समजली नाहीं, तर बेरीज दाखवूंच नये. चुकीच्या उत्तरापेक्षां न दिलेलें उत्तर बरें.

पालकांसहि एक विनंति. घरीं एखादा अर्ज संगणकावर भरतांना तो पुनःपुन्हां नाकारला गेला, तर मुलावर वा स्वतःवर लागलीच रागावूं नये. पुष्कळदां लिहिणाराचें बरोबर असतें. वाचणारास तेवढें वाचतां येत नसतें.

आमच्या त्या चौकटींत आतां १,२०० लिहिलें कीं बाराशेंच जमा होतात. तरीहि कागदावरची यादी आम्हीं अजून टाकिलेली नाहीं. दर शनिवारीं एक विद्यार्थी ती मोठ्यानें वाचतो, आणि दुसरा पडद्यावरच्या रकमेशीं ताडून पाहतो.