वॅटच्या आधी ओहम : मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जुळणी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याच्या उभारणीसाठी आलेल्या माणसांच्या छावण्यांची आठवण कॅम्प-१ या वस्तीच्या नावात आजही टिकून आहे. अशा वस्तीतील माणसाला भार म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रेनवर ती किती टन उचलू शकते हा आकडा लिहिलेला असतो, आणि त्या आकड्याच्या पलीकडे कोणी जाऊ नये हे सर्वांना ठाऊक असते. मोटारीत बसवावयाच्या अ‍ॅम्प्लिफायरवरही भाराचा असाच एक आकडा छापलेला असतो. परंतु तो टनांत नसून ओहममध्ये असतो, आणि त्याची चाल उलटी असते : ओहम जितके कमी, तितका भार अधिक. या उलट्या चालीमुळेच पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायर जळतात.

आपण एक उदाहरण कल्पू. कॅम्प-१ मध्ये राहणारा एक टॅक्सीचालक आपल्या गाडीसाठी काही महिन्यांच्या बचतीतून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन सबवूफर घेतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्रकात '४ ओहमला ३५० वॅट, २ ओहमला ६०० वॅट, किमान भार २ ओहम' असे लिहिले आहे. प्रत्येक सबवूफरला ४ ओहमची दोन कुंडले आहेत. या चार कुंडलांच्या आठ टोकांना तारा कशा जोडावयाच्या? या प्रश्नाच्या उत्तरावर त्याची बचत अवलंबून आहे. ते उत्तर शोधण्यासाठी आवश्यक तेवढे विद्युत्‌शास्त्र या पाठात पाहू.

संरोध म्हणजे काय?

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये विद्युत् दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडला. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. परंतु हा साधा रोध एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा होय. संगीताचा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा आपली दिशा पालटतो. अशा प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्यास ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये 'इंपीडन्स' हे नाव दिले. मराठीत त्यास संरोध म्हणतात. त्याचे एककही ओहम हेच आहे.

स्पीकरच्या कागदी शंकूला जोडलेले तांब्याच्या तारेचे कुंडल चुंबकाच्या फटीत मागेपुढे हालते. त्या हालचालीमुळे आणि कुंडलाच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे संरोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. अनुनादाच्या स्वराशी तो नाममात्र मूल्याच्या कित्येक पट होतो, तर इतरत्र तो नाममात्र मूल्याच्याही किंचित खाली उतरतो. म्हणून '४ ओहम' हे एक सोयीचे नाव आहे, अचूक मोजमाप नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पीकरचा संरोध नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरमध्ये ३.२ ओहमखाली, जाता कामा नये. मल्टिमीटर संरोध नव्हे, तर केवळ कुंडलाचा साधा रोध दाखवितो. तो ४ ओहमच्या स्पीकरमध्ये बहुधा ३.२ ते ३.६ ओहमच्या आसपास भरतो. आकडा कमी दिसला म्हणून स्पीकर सदोष आहे असे समजू नये.

'जुळणी' या शब्दाचा घोटाळा

जुळणी म्हटले की दोन्हीकडील ओहम सारखे असले पाहिजेत असा अनेकांचा समज होतो. या समजाला इतिहास आहे. निर्वात नळ्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी एक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असे आणि त्यास ४, ८ व १६ ओहमची निरनिराळी टोके असत. ज्या ओहमचा स्पीकर, त्याच टोकाला तो जोडावयाचा, अशी रीत होती. आजच्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम संरोध ओहमच्या लहानशा अंशाइतकाच असतो. त्याच्याशी स्पीकरची बरोबरी करावयाची नसते, किंबहुना तसे केल्यास तो नष्टच होईल. येथे जुळणी याचा अर्थ एवढाच की एकूण भार अ‍ॅम्प्लिफायरच्या किमान ओहमच्या खाली जाऊ न देणे.

दुसरा घोटाळा मंडपातून येतो. गणेशोत्सवात किंवा दुर्गापूजेत दूरदूर कर्णे लावणारा कारागीर बहुधा १०० व्होल्टच्या वाहिनीवर काम करीत असतो. तेथे प्रत्येक कर्ण्यास स्वतःचे रोहित्र असते. १० वॅटचा कर्णा त्या वाहिनीला १,००० ओहमचा दिसतो. असे दहा कर्णे समांतर जोडले की १०० ओहम होतात आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. त्या कारागिराने केवळ वॅटांची बेरीज केली तरी भागते. मोटारीत अशी रोहित्रे नसतात. तेथे वॅटांच्या बेरजेने काहीही सिद्ध होत नाही. आधी ओहमचा हिशेब करावा लागतो.

बारा व्होल्टांची मर्यादा

घरातील स्पीकर बहुधा ८ ओहमचे, तर मोटारीतील ४ ओहमचे असतात. याचे कारण बॅटरीत आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युत् दाब फार तर १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. डॅशबोर्डवरील संचाने हा सर्व दाब ब्रिज पद्धतीने स्पीकरवर टाकला तरी ४ ओहममध्ये साधारण २६ वॅट, आणि ८ ओहममध्ये केवळ १३ वॅट शक्ती निर्माण होऊ शकते. दाब वाढविता येत नसेल तर ओहम कमी करणे हाच मार्ग उरतो. अशा संचाच्या पेटीवर '५० वॅट गुणिले चार' छापलेले असले तरी तो क्षणिक शिखराचा आकडा आहे, सतत मिळणाऱ्या शक्तीचा नव्हे, हेही यावरून वाचकांच्या ध्यानात येईल. मोठे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आतील मंडलाच्या साहाय्याने बॅटरीचा दाब वाढवून घेतात, म्हणून ते शेकडो वॅट देऊ शकतात.

एकसर आणि समांतर जोडणी

एकसर जोडणीत ओहमची बेरीज होते : ४ आणि ४ मिळून ८. समांतर जोडणीत गुणाकाराला बेरजेने भागावे लागते : १६ भागिले ८, म्हणजे २. सारखेच स्पीकर असतील तर एकाच्या ओहमला त्यांच्या संख्येने भागले तरी चालते. असमान स्पीकर मिसळल्यास शक्तीची वाटणी असमान होते. ४ आणि ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर ४ ओहमच्या स्पीकरला दुप्पट शक्ती मिळते. एकसर जोडले तर ८ ओहमच्या स्पीकरला दुप्पट मिळते. म्हणून एका वाहिनीवर एकाच जातीचे स्पीकर लावणे शहाणपणाचे असते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन वाहिन्या ब्रिज करून एकच सबवूफर चालविताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन्ही वाहिन्या भार दोन्ही बाजूंनी ढकलतात, त्यामुळे प्रत्येकीला तो निम्म्या ओहमचा वाटतो. ब्रिज केलेल्या टोकांना ४ ओहमचा सबवूफर जोडला म्हणजे प्रत्येक वाहिनी २ ओहमवर काम करीत असते. म्हणूनच एका वाहिनीला २ ओहम चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'ब्रिज करताना किमान ४ ओहम' अशी सूचना असते.

आता टॅक्सीचालकाच्या प्रश्नाकडे वळू

४ ओहमची चार कुंडले सर्व समांतर जोडली तर १ ओहम होतो. सर्व एकसर जोडली तर १६ ओहम होतात. प्रत्येक सबवूफरची दोन कुंडले एकसर करून (८ ओहम) ते दोन सबवूफर समांतर जोडले तर ४ ओहम होतात. चारही कुंडलांना सारखा वाटा द्यावयाचा तर १, ४ आणि १६ एवढेच आकडे निघतात. २ ओहम, म्हणजे ज्या आकड्यासाठी ६०० वॅट लिहिले आहेत तो, मिळत नाही. सबवूफर २ ओहमच्या दोन कुंडलांचे असते तर तो मिळाला असता. प्रत्येकाची कुंडले एकसर (४ ओहम) आणि दोन्ही सबवूफर समांतर जोडले की २ ओहम झाले असते. तात्पर्य असे की हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी कागदावर करावयाचा असतो.

मग १ ओहमची जोडणी करून पाहण्याचा मोह होतो. त्याचे काय होईल ते पाहू. ६०० वॅट २ ओहममध्ये देताना अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ३४.६ व्होल्ट आणि १७.३ अँपिअर पुरवितो. तोच दाब १ ओहमवर आला की प्रवाह ३४.६ अँपिअर, म्हणजे दुप्पट, मागितला जातो, आणि ट्रान्झिस्टरमधील उष्णता त्या प्रमाणात वाढते. चांगल्या यंत्रातील संरक्षक मंडल अशा वेळी ते बंद करते. स्वस्त यंत्रात ट्रान्झिस्टरच संरक्षकाचे काम करून जळतो. मे महिन्यात भिलाईचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डिकीत ते याहून पुष्कळ अधिक असते. सीटखाली किंवा गालिच्याखाली दडविलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ही उष्णता बाहेर टाकण्यास जागाच नसते.

तारांचीही हीच कथा आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार चार मीटर जाऊन परत आली तर तिचा रोध सुमारे ०.०९ ओहम होतो. ४ ओहमच्या भारात तीमध्ये शक्तीचा दोन टक्क्यांहून थोडा अधिक भाग वाया जातो. १ ओहमच्या भारात आठ टक्क्यांहून अधिक. बॅटरीकडील तार तर अधिकच जाड हवी. ६०० वॅटसाठी, अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तरी सलग स्वराला ५८ अँपिअर लागतात. या तारेवर बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. तार पत्र्याला घासून उघडी पडली तर आग लागू नये, हे त्याचे काम.

लाभ किती, धोका किती?

४ ओहमवर समाधान मानल्यास टॅक्सीचालकाचे किती नुकसान होते? ६०० ऐवजी ३५० वॅट, म्हणजे आकड्यांत मोठी घट दिसते. कानाला मात्र हा फरक अवघा २.३ डेसिबेल वाटतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयाचा तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. शिवाय कुंडल तापले की तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. १५० अंशांनी तापलेल्या कुंडलाचा रोध जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि मिळविलेल्या वाढीव शक्तीचा बराच भाग त्यातच विरतो. कानाला जेमतेम जाणवणाऱ्या फरकासाठी काही महिन्यांची बचत पणाला लावण्यात अर्थ नाही. त्याने ४ ओहमचीच जोडणी करावी. प्रत्येक कुंडलाला सुमारे ८७ वॅट मिळतील आणि अ‍ॅम्प्लिफायर थंड राहील.

तारा अ‍ॅम्प्लिफायरला लावण्यापूर्वी त्यांच्या मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर धरावा. ४ ओहमच्या जोडणीत ३.२ ते ३.६ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. १ च्याही खाली दिसला तर सर्व कुंडले समांतर झाली आहेत किंवा कोठे तरी तार तारेला भिडली आहे. त्यानंतर प्रत्येक तार आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मोजावे. तेथे काहीही जोड आढळता कामा नये. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात.

स्वाध्याय

१. ४ ओहमच्या दोन कुंडलांचा एकच सबवूफर आणि 'किमान २ ओहम' असा अ‍ॅम्प्लिफायर आहे. कोणकोणत्या जोडण्या सुरक्षित आहेत?

२. ब्रिज करताना किमान ४ ओहम लागणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला २ ओहमच्या दोन कुंडलांचा सबवूफर कसा जोडाल?

३. ४ आणि ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध किती होईल? किमान २ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो चालेल काय? चालत असला तरी ही जोडणी का टाळावी?