बायपासनंतर : घाबरू नका, पण लपवूही नका

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरील एका गावात एक निवृत्त शिक्षक राहतात. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. मुंबईला त्यांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि आठवड्याभराने ते घरी आले. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम कोरडी होती, रक्तदाब ठीक होता. तरीही तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी एकट्याच माझ्याकडे आल्या आणि हलक्या आवाजात सांगू लागल्या :

"डॉक्टरसाहेब, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. रात्री डाव्या कुशीवर वळले की दचकून उठतात. म्हणतात, उशीत कोणी ढोल वाजवतंय. वरण-भात वाढला तर पत्रा चाटल्यासारखा लागतो म्हणे. काल नातवानं सतराचा पाढा न चुकता म्हटला, तर ढसाढसा रडले. एवढी वर्षं मास्तरकी केली, पण ह्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. आणि तीन दिवस झाले, गोळ्याही बंद केल्यात. चव गोळ्यांनीच गेली म्हणतात."

आधीच्या तक्रारी ऐकून मला फारशी चिंता वाटली नाही. शेवटचे वाक्य ऐकून मात्र मी लगेच फोन उचलला.

बायपास झालेल्या बहुतेक घरांत असेच होते. जे निरुपद्रवी असते त्याची भीती वाटते आणि त्या भीतीपोटी जे खरोखर धोक्याचे ते हातून घडते. रुग्णाला घरी पाठवताना औषधांची यादी मिळते, पथ्य सांगितले जाते. पण "तुम्हाला तुमच्याच छातीचा आवाज ऐकू येईल, कारण नसताना रडू येईल" हे सांगायचे पुष्कळदा राहून जाते. म्हणून आज त्याविषयी.

रस्ता खणल्यावर...

बारवीचे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडे जाते. समजा, एखादी वाहिनी मध्येच तुंबली. तुंबलेला भाग तसाच ठेवून बाजूने नवा पाइप जोडला, तर पाणी पुन्हा पुढे जाईल. बायपास म्हणजे नेमके हेच. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी जिथे अरुंद झाली असेल, तिच्या पुढच्या भागाला पायातील शीर किंवा छातीच्या आतील रोहिणी जोडून रक्ताला नवी वाट करून देतात. अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे पायाची शीर वापरून ही शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

नवा पाइप जोडला की पाणी त्याच दिवशी सुरू होते. पण त्यासाठी खणलेला रस्ता? खडी, माती, तुटलेली टेलिफोनची तार हे सगळे पूर्ववत व्हायला महिने लागतात. हृदयाचा रक्तपुरवठाही शस्त्रक्रियेच्या मेजावरच सुधारतो. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापावे लागते, बरगड्या फाकवाव्या लागतात, पायाला चीर द्यावी लागते आणि कित्येक तासांची भूल द्यावी लागते. बऱ्याच रुग्णांत काही काळ हृदयाचे काम यंत्रावर चालवतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांतील बहुतेक विचित्र तक्रारी या खणलेल्या रस्त्याच्या असतात. नवा पाइप बिघडला, असा त्यांचा अर्थ नसतो.

छाती आणि हात

*छातीचा ठोका ऐकू येणे.* रात्री सामसूम झाली की आपला ठोका कानात किंवा उशीत ऐकू येतो. शस्त्रक्रियेत रक्त गेल्यामुळे काही आठवडे हिमोग्लोबिन कमी असते आणि नाडी थोडी जलद चालते, त्यामुळे ठोका जोरकस वाटतो. शिवाय मनाचा कान सतत छातीकडे लागलेला असतो. कूस बदलली, उशी थोडी उंच केली की आवाज कमी होतो. ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे त्यांना घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते, तीही स्वाभाविकच. ती टिकटिक एकाएकी मंद झाली किंवा थांबली, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे.

*डाव्या छातीवर बधिरपणा.* आतील रोहिणी काढताना त्वचेकडे जाणारे बारीक मज्जातंतू दुखावतात. तिथे हात लावला तर दुसऱ्याच्याच अंगाला हात लावल्यासारखे वाटते. कधी मुंग्या येतात, कधी विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. हे तंतू फार हळू भरून येतात. काही महिने, क्वचित वर्षभरही लागते आणि एखादा छोटा भाग कायमचा बधिर राहू शकतो.

*जखमेच्या वरच्या टोकाला फुगवटा.* गळ्याच्या खळगीखाली लिंबाएवढा उंचवटा दिसतो. तो हळूहळू बसतो. तो लाल झाला, गरम लागला किंवा पाझरू लागला तर दाखवावा.

*करंगळीला मुंग्या, पाठीत भरलेपणा.* बरगड्या फाकवताना हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर ताण येतो. म्हणून करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काही आठवडे बधिर राहू शकते. खांदे, मान, दोन पाठीच्या फऱ्यांमधला भाग दुखतो तोही याच कारणाने. रुग्णाला वाटते, पुन्हा हृदयाचेच दुखणे आले. पण ही कळ हालचालीने, कूस बदलल्याने कमी-जास्त होते. हृदयाची कळ चालल्यावर, जिना चढल्यावर येते आणि थांबल्यावर ओसरते. हा फरक ध्यानात ठेवावा आणि शंका आली तर डॉक्टरांनाच विचारावे.

*हाडातून 'कट्' असा आवाज.* छातीचे हाड पोलादी तारांनी बांधलेले असते आणि त्या तारा जन्मभर आत राहतात. त्यांचा काही त्रास नसतो. सुरुवातीच्या दिवसांत हालचाल करताना एखादा बारीक आवाज येऊ शकतो. तो वारंवार येत असेल, हाड सरकल्यासारखे वाटत असेल, तर सर्जनला दाखवलेच पाहिजे. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्के व्हायला तीन महिने. तोवर पाण्याचा हंडा उचलू नये, गर्दीच्या लोकलमध्ये दांडीला लोंबकळू नये. भरलेली बादली पंधरा किलोच्या घरात जाते, हे विसरू नये. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकावे. खड्ड्यांतून रिक्षाने जातानाही तीच उशी उपयोगी पडते.

पाय

ज्या पायाची शीर काढली तो पाय संध्याकाळी सुजतो. एक वाट बंद झाल्याने बाकीच्या शिरांना जास्त काम पडते. बसताना पाय स्टुलावर ठेवावा, पायावर पाय टाकून बसू नये आणि रोज थोडे चालावे. घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, कारण तिथला मज्जातंतू त्या शिरेला लागूनच असतो. पण पोटरी एकाएकी दुखू लागली, टणक व गरम झाली, तर तो प्रकार वेगळा. त्यात रक्ताची गुठळी असू शकते.

तोंड, डोळे आणि झोप

जिभेला धातूची चव येणे, भूक मरणे, आवडीचा पदार्थ नकोसा वाटणे हे काही आठवडे चालते. थोडे थोडे, पण अनेकदा खावे. लिंबू, कोथिंबीर, आले यांनी चव सुधारते. पापड-लोणच्याकडे मात्र वळू नये. नळीमुळे घसा बसतो, तो काही दिवसांत सुटतो. अक्षरे पुसट दिसली तरी घाईने नवा चष्मा करू नये, महिना-दीड महिना थांबावे. दृष्टी एकाएकी गेली किंवा एकाची दोन दिसू लागली तर मात्र थांबू नये.

रात्री घामाने सदरा भिजतो, दिवसा डुलक्या लागतात, स्वप्ने सिनेमासारखी ठसठशीत पडतात. यात भूल, वेदनाशामके आणि नाडी संथ ठेवणाऱ्या गोळ्या या सर्वांचा वाटा असू शकतो. घामाबरोबर ताप असेल तर तो मोजून डॉक्टरांना सांगावा.

मन

याबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात. अतिदक्षता विभागात असताना काही रुग्णांना भिंतीवर मुंग्या दिसतात, सलाइनच्या नळीत साप दिसतो, मेलेले नातेवाईक भेटायला येतात. ज्येष्ठांत हे अधिक आढळते. नातेवाईक घाबरतात आणि कोणी तरी 'बाहेरची बाधा' असे पिल्लू सोडून देते. ही बाधा नव्हे आणि वेडही नव्हे. मोठी शस्त्रक्रिया, औषधे आणि रात्रंदिवस दिव्यांच्या उजेडात मोडलेली झोप यांनी मेंदू काही काळ गोंधळतो. बहुतेकांचा हा गोंधळ काही दिवसांत निवळतो. रुग्णाला त्याचा चष्मा द्यावा, कानाचे यंत्र द्यावे, वार आणि तारीख सांगत राहावे, ओळखीच्या माणसाने जवळ बसावे. घरी आल्यावर असा गोंधळ नव्याने सुरू झाला तर डॉक्टरांना कळवावे.

घरी आल्यावर वृत्तपत्रातील तीच ओळ दोनदा वाचावी लागते, नावे आठवत नाहीत. साध्या गोष्टीवर राग येतो, साध्या गोष्टीवर रडू येते. पुरुषांना याची लाज वाटते, म्हणून ते लपवतात. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला रडू आले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? बहुतेकांचे मन काही आठवड्यांत थाऱ्यावर येते. पण दोन-तीन आठवडे झाले तरी उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे निघत असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. उदासीवर उपचार आहेत आणि त्या उपचारांचा हृदयालाही फायदा होतो.

ओळखायचे कसे?

साधा नियम असा. जी तक्रार आठवड्यामागून आठवडा कमी होत जाते ती बहुधा बरे होण्याची खूण. जी वाढत जाते, किंवा एकाएकी नव्याने उभी राहते, ती डॉक्टरांची. एक वही करावी. तीत रोज सकाळचे वजन, ताप, नाडी आणि तक्रार लिहावी. पुढील गोष्टी आढळल्यास वाट पाहू नये :

– ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, जखमेतून पू अथवा पाणी येणे.
– दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढणे, दोन्ही पायांवर सूज चढणे, आडवे पडल्यावर दम लागणे.
– छातीत धडधड, नाडी अनियमित किंवा फार जलद चालणे. बायपासनंतर हे बऱ्याच जणांत होते, पण त्यावर औषध लागते.
– शस्त्रक्रियेपूर्वी येत असे तशी छातीतली कळ, एकाएकी धाप, चक्कर येऊन पडणे.
– तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे.

यापैकी शेवटच्या दोन प्रकारांत १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर रेल्वेने ६८ किलोमीटर आहे. "सकाळच्या लोकलने जाऊ" म्हणत रात्र काढू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : तक्रार कोणतीही असो, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी नव्या वाहिनीत गुठळी होऊ देत नाही. ती थांबवणे म्हणजे आत्ताच जोडलेल्या पाइपात आपल्याच हाताने गाळ सोडणे. नाडी संथ ठेवणारी गोळीही एकाएकी थांबवल्यास त्रास होतो. गोळी सोसत नसेल तर ती बदलता येते, पण ते काम डॉक्टरांचे.

गुरुजींचे पुढे काय झाले? त्याच दुपारी त्यांच्या सर्जनशी बोलून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तीन दिवसांच्या खंडाने नुकसान झाले नाही, हे नशीब. मग त्यांना समोर बसवून वर लिहिले आहे ते सारे सांगितले. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर रात्री इतका भ्यालो नसतो. मला वाटलं, टाके सुटताहेत आणि तोच आवाज येतोय."

ज्यांना बायपासनंतर आयुष्य संपले असे वाटते त्यांच्यासाठी एक उदाहरण. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत दुसऱ्यांदा बायपास झाली. मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली ती पार पडली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि पुढे २०२४ पर्यंत ते हयात होते.

गुरुजींना पंतप्रधान व्हायचे नव्हते, त्यांना फक्त पूर्वीसारखे सकाळी फिरायला जायचे होते. पहिल्या आठवड्यात ओटीपासून विहिरीपर्यंत, मग शाळेपर्यंत, असे करत चौथ्या महिन्यात ते बारवीच्या रस्त्याने पत्नीबरोबर अर्धा तास चालू लागले. छातीचा बधिरपणा अजून थोडा आहे. ठोकाही कधीतरी रात्री ऐकू येतो. पण आता ते उठून बसत नाहीत. "चालू आहे म्हणून ऐकू येतंय," असे म्हणतात आणि कूस बदलून झोपी जातात.