उल्मला मित्राच्या गावी जाताना

बाळा, तुझ्या मित्रानं तुला उल्मला, त्याच्या गावी, श्व्योरमोंटागच्या दिवशी बोलावलंय हे ऐकून फार बरं वाटलं. जुलैतला शेवटून दुसरा सोमवार म्हणजे त्या गावची जत्राच, आणि अशा दिवशी घरी बोलावतात ते आपलं मानूनच. तेव्हा श्टुटगार्टहून निघण्याआधी हे नीट वाचून घे.

१. मांस खात नाहीस हे आत्ताच कळवून ठेव— तिकडच्या माउलटाशनच्या पोटात बहुधा मांसच असतं, आणि ताट वाढल्यावर नको म्हटलं की रांधणारीचा जीव थोडा होतो. केसश्पेट्झले मात्र खुशाल माग. चीजमध्ये घोळलेले, वर खमंग परतलेला कांदा, तू दोनदा घेशील.

२. फुलं न्यायची तर शनिवारीच आणून पाण्यात ठेव— रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि सोमवारी सकाळी तुला वेळ मिळणार नाही. लाल गुलाब नकोत, ते प्रेमातले. पांढऱ्या लिली नकोत, त्या मयताच्या. आणि हातात देण्याआधी वरचा कागद काढ.

३. डॉइचलांड-टिकेटवर जाणार असशील तर प्रादेशिक गाडीच पकड, आयसीई समोर उभी असली तरी चढू नकोस— त्या तिकिटावर ती चालत नाही, आणि दंड निदान साठ युरोंचा. घाईचं तिकीट महागच पडतं.

४. सांगितलेल्या वेळी दारात हजर राहा. गाडी रखडली तर तेव्हाच निरोप टाक— ते लोक वेळ धरून टेबल मांडतात. घड्याळ यजमानाचं, भूक पाहुण्याची, एवढं ध्यानात ठेव.

५. त्याच्या आजीला आणि आईवडिलांना आदराचं 'झी'च म्हण— सलगीचं 'दू' म्हणायची मोकळीक मोठ्यांनी द्यायची असते. पेला उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ; तू सरबत पीत असलास तरीही.

६. सकाळी अकराला वाइनहोफ चौकात महापौरांचं भाषण होतं आणि श्व्योरहाउसच्या सज्जातून ते शपथ घेतात: गरीब असो की श्रीमंत, सगळ्यांशी सारखंच वागेन. तेवढा वेळ फोन खिशात ठेवून गप्प उभा राहा— हे शब्द १३९७च्या सनदेपासून चालत आलेत, आणि आपला कारभारी वर्षातून एकदा सगळ्यांदेखत शपथेनं बांधला जातो याचा त्या गावाला अभिमान आहे. मला विचारशील तर सगळ्या दिवसात हेच सर्वांत बघण्यासारखं.

७. म्युन्स्टरचा मनोरा चढायचा तर सकाळीच, पोटभर जेवणाआधी— वरपर्यंत ७६८ पायऱ्या आहेत आणि जिना गोल, अरुंद. १८९०पासून जगातलं सर्वांत उंच चर्च तेच होतं. २०२५मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं त्याला मागं टाकलं, पण हा विषय आजीसमोर तू होऊन काढू नकोस.

८. दुपारी नाबाडा, म्हणजे पाण्यावरची मिरवणूक. रबरी होड्या, घरी ठोकलेले तराफे, हाती पिचकाऱ्या आणि बादल्या, सगळं गाव डोनाउवरून खाली वाहत जातं आणि काठावरच्यांनाही भिजवतं. पोहता येत नसेल तर काठावरच थांब, आणि ते सांगायला लाजू नकोस— गावाच्या जरा वरच आल्प्सकडून येणारी इलर तिला मिळते, म्हणून ऊन कितीही असलं तरी पाणी गार आणि ओढ जबर. पोहता येत असलं तरी जीवरक्षक जाकीट घाल, आणि मित्राच्या तराफ्यावरच बस. अनोळखी पाण्यात ओळखीचा हात सोडू नये.

९. पाकीट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड त्याच्या घरीच ठेव, फोन जलरोधक पिशवीत, आणि एक कोरडा जोड पाठपिशवीत— पाण्यात हरवलेला परवाना पुन्हा काढायचा तर कचेरीच्या फेऱ्या महिनोन्‌महिने संपत नाहीत.

१०. कानामागे, मानेवर आणि पायांच्या वरच्या बाजूला क्रीम लाव— सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा आपला गोड गैरसमज, आणि पाण्यावर ते खालूनही लागतं.

११. रिकामी बाटली कुठंही भिरकावू नकोस. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर पंचवीस सेंट अनामत असते— परत न्यायचा कंटाळा आला तर कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी ठेव, गोळा करणारा गरीब माणूस नेईल, त्याला हात आत घालावा लागणार नाही.

१२. जेवण झालं की काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेव— नाहीतर अजून वाढतच राहतील. मग उठून ताटं आत नेऊ लाग. 'राहू दे' म्हणतील, तरी दोन ने.

१३. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून उजेडावर वेळ मोजू नकोस. परतीची शेवटची गाडी सकाळीच बघून ठेव— उजेड थांबतो, गाडी थांबत नाही. रात्री दहानंतर जिन्यात आणि दारात आवाज हळू. तुझ्यामुळे शेजाऱ्यांची बोलणी त्याच्या आईनं का खावीत?

१४. निघताना आजीपासून धाकट्या भावापर्यंत प्रत्येकाशी हात मिळव, आणि दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन शब्द लिही. काय खाल्लं त्याचं नाव घेऊन लिही— म्हणजे मनापासून लिहिलंय हे कळतं.

आणि हो, त्याला मुंबईला आपल्या घरी यायचं आमंत्रण दिल्याशिवाय तिथून निघू नकोस. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, तेव्हा नातं जुनंच आहे. डिसेंबरात सुट्टी असेल तर डिसेंबरातच बोलाव. त्याला काय चालतं, काय नाही, तेवढं मला आधी कळव.