होडी, किल्ला आणि पाहुणे

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर समुद्रात एक लांबच लांब काळी भिंत दिसते. नवखा माणूस विचारतो, "भर पाण्यात एवढी भिंत कुणी हो बांधली?" होडीवाला हसतो आणि म्हणतो, "महाराजांनी." कोणते महाराज, हे तो सांगत नाही. सांगावे लागतही नाही.

हा सिंधुदुर्ग किल्ला. पूर्वी इथे कुरटे नावाचे नुसते खडकाळ बेट होते. जंजिऱ्याचे सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि सुरतेचे इंग्रज यांच्या जहाजांचा त्या काळी दर्यावर जोर होता. समुद्रावर आपलेही ठाणे हवे, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. १६६४ साली किनाऱ्यावरच्या एका खडकाशी पूजा करून काम सुरू झाले. त्या खडकाला आजही मोरयाचा धोंडा म्हणतात. तीन वर्षांत, म्हणजे १६६७ साली, किल्ला उभा राहिला. त्याचा तट सुमारे तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद आहे. तटावरून सगळी फेरी मारायची तर तीन किलोमीटर चालावे लागते. पाय दुखतात, पण फेरी मारावी.

तीन गोष्टी तर मुद्दाम पाहाव्यात. पहिली, किल्ल्याचा दरवाजा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही, बुरुजांच्या आड लपलेला आहे. शत्रूला वाट सापडू नये म्हणून ही युक्ती. दुसरी, आतल्या विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. चहूंकडे खारे पाणी, आणि मधोमध गोडे पाणी! तिसरी गोष्ट म्हणजे शिवराजेश्वराचे देऊळ. महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराज यांनी ते बांधविले. आतली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही. तिला दाढी नाही. वेष नावाड्याचा आहे, असे तिथली माणसे अभिमानाने सांगतात.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यांतले अकरा आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे कोकण किनाऱ्यावरचे किल्ले त्या बारांत आहेत. वारसा म्हणजे काय? वाडवडिलांनी मागे ठेवलेली ठेव. शेत असते, घर असते, तसाच किल्लाही असतो. फरक एवढाच की ह्याचे वारस आपण सगळेच. आणि सगळ्यांची म्हणून जी वस्तू असते तिच्याकडे पाहायला पुष्कळदा कुणीच नसते.

मग ह्या ठेवीची राखण कोण करतो? पुरातत्त्व खाते करते, हे खरे. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे हे नाव. पण खात्याची माणसे किती पुरणार? रोज सकाळ-संध्याकाळ किल्ल्यावर जातो तो होडीवाला. तटावर पिंपळाचे रोप उगवले, लाटांनी चिरा हलला, कुणी कचरा टाकला, हे पहिल्यांदा दिसते ते त्याला. त्याच्या होडीशिवाय पाहुण्याचे पाऊल किल्ल्याला लागत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, किल्ल्याची एक किल्ली होडीवाल्याच्या कमरेला आहे.

एकदा आम्ही काही मंडळी किल्ला पाहायला गेलो होतो. आमच्या होडीत एक तरुण होता. तो किल्ल्यात गेला आणि खिशातला खिळा काढून तटाच्या चिऱ्यावर आपले नाव कोरू लागला. आमचा होडीवाला मागून येत होता. आम्हांला वाटले, आता भांडण होणार. पण त्याने आवाज चढविला नाही. त्याने विचारले, "तुमचे घर कुठे?" तरुणाने गाव सांगितले. "उद्या मी तिथे येतो आणि तुमच्या देवघराच्या भिंतीवर माझे नाव कोरतो. चालेल ना?" तरुणाने खिळा खिशात टाकला. परतीच्या वाटेवर तो कोणाशी बोलला नाही.

असे कोरणे हा कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्याचे पुस्तक घेऊन कोण फिरतो? होडीवाल्याचे ते एक वाक्य अधिक कामाला आले.

आता पैशाचे बोलू. ते लाजण्यासारखे नाही. पूर्वी किनाऱ्याची घरे मासळीवर चालत. आता मासळी कमी झाली आहे. मोठ्या यांत्रिक बोटी खोल पाण्यात मासे ओढून नेतात, मग लहान होडीवाल्याच्या जाळ्यात काय येणार? तरुण पोरे मुंबईला जातात. पाहुण्यांची ने-आण सुरू झाली म्हणून काही पोरे गावात राहिली. पोरगा गावात राहिला तर पाण्याखालचा खडक कोठे आहे, वारा केव्हा फिरतो, ही बापाची विद्या त्याच्याकडे येते. ती विद्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. तीही वारसाच आहे, चिऱ्यांच्या तटाइतकीच.

पण हाच धंदा बेताल झाला तर घात करतो. रापणीचेच पाहा ना. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून जाळे अर्धगोल सोडत नेतात. मग दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूवर उभी असलेली माणसे ते हळूहळू ओढतात. बाया, माणसे, पोरे, सारी हात लावतात. मिळेल ती मासळी वाटून घेतात. ह्या कामाला मोकळी वाळू लागते आणि शांत पाणी लागते. त्याच जागी छत्र्या, टपऱ्या आणि धावत्या मोटारबोटी आल्या तर रापण ओढायची कुठे? पाहुण्याला ताजी मासळी हवी, आणि मासळी ओढणाऱ्याला वाळू नाही, असे होते. काही तास काही जागा रापणीसाठी सोडावी, हे गावाने एकत्र बसून ठरविले पाहिजे. बाहेरचा कोणी येऊन ते ठरविणार नाही.

पाण्याखालीही असेच आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे पोवळे. ते दगडासारखे दिसते, पण दगड नव्हे. बारीक जिवांची ती वसाहत आहे, फार सावकाश वाढते, आणि तिच्या आसऱ्याने माशांची पिल्ले मोठी होतात. १९८७ साली सरकारने हा समुद्र राखीव केला. आपला धंदा जाईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती अगदीच खोटी होती असे आम्हांला वाटत नाही. पण होडीचा नांगर पोवळ्यावर टाकला की जे वर्षानुवर्षे वाढले ते एका हिसक्यात मोडते, एवढे तर डोळ्यांना दिसते. नांगर वाळूत टाकावा. नाहीतर एकदाच पक्की दोरी रोवून तिला तरंगता गोळा बांधावा, आणि सगळ्यांनी होड्या त्याला लावाव्यात.

राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जात आल्या आहेत. त्यांत आवाज नाही, की तेलाचा तवंग नाही. वेळ लागतो, पण पाहुण्याला तेच आवडते. वल्ही आणि शीड ही मागासलेली चीज आहे असे समजून कुणी ती फेकून देऊ नये.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. २०२२ साली मे महिन्यात तारकर्लीला पाहुण्यांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. समुद्र ओळखीचा असला तरी तो कुणाचा मित्र नव्हे. होडीत किती माणसे बसवायची तो आकडा परवान्यात असतो. तो होडीवर रंगवून ठेवावा. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. होडीत पाय ठेवण्यापूर्वी तो आकडा वाचा, मग माणसे मोजा. जास्त भरली असतील तर खाली उतरा. तुम्ही होडीवाले असाल, तर तो आकडा तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. जीवरक्षक जाकीट सगळ्यांना द्या, घालायला लावा, पोरांना आधी. "एवढ्याशा अंतराला कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नका.

आमच्या त्या होडीवाल्याकडे दोन माणसे उशिरा आली. होडी भरली होती. त्यांनी दुप्पट पैसे देऊ केले. तो म्हणाला, "पुढच्या होडयेन येवा." त्याचे भाडे गेले. ती दोघे दुसऱ्याच्या होडीत बसली, तेव्हा दुसरा होडीवाला त्याला हसला. आम्ही विचारले, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, "वाटता. पण रात्री झोप लागता."

मे महिना संपत आला की वारा फिरतो आणि किल्ल्याच्या फेऱ्या बंद होतात. होड्या वाळूवर ओढून घेतात आणि झापांनी झाकतात. फळ्यांच्या भेगा बुजवतात, तेल लावतात. तिकडे किल्ल्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारी थोडी कुटुंबे आहेत. तीही पावसाची तयारी करतात. तीन महिने तटावर लाटाच तेवढ्या येतात. मग नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडतात, आणि सप्टेंबर उजाडला की पहिली होडी पुन्हा पाण्यात ढकलतात. आकडा त्याआधी नव्याने रंगवलेला असतो.