शिळा भात आणि आपली समजूत

रात्री भात उरतो. घरची बाई तो पातेल्यात झाकून ठेवते. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी दिली की शेतावर जाणाऱ्यांची न्याहारी तयार. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. मग त्यात धोका कसला, असे कोणीही विचारील.

मातीतले बॅसिलस सिरियस नावाचे जंतू तांदळाबरोबर घरात येतात. त्यांचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते रुजतात, जंतू वाढतात व भातात विष सोडतात. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणजे फोडणीने चव येते, विष उतरत नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या होतात. याच जंतूंमुळे होणारे जुलाब मात्र सहसा आठ ते सोळा तासांनी लागतात.

हे सांगूनही सवय का सुटत नाही? कारणे आपल्या मनात आहेत.

पहिले, आपण नाकावर विसंबतो. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले, असे धरतो. पण विष झालेल्या भाताचा वास व चव नेहमीसारखीच असू शकते.

दुसरे, ‘आजवर आम्हांला काही झाले नाही.’ सकाळच्या भाताने रात्री जुलाब लागले, तर दोष आमटीला, उन्हाला नाही तर नजरेला जातो. भात सुटतो. संकट दुसऱ्यावर येईल, आपल्यावर नाही, असे माणूस मानतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी 1980 साली विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून हेच दाखवले.

तिसरे, अन्न टाकणे पाप. ही भावना चांगलीच आहे. पण उरलेले शिळे कोणाच्या ताटात जाते? बहुधा आईच्या किंवा सुनेच्या. काटकसर घराची आणि दुखणे तिचे, हा न्याय नव्हे.

यासाठी एवढे करावे :

1. भात माणसे मोजून शिजवावा. उरलीच तर भाकरी उरावी. ती कोरडी असल्याने भातापेक्षा टिकते.

2. उरलेला भात परातीत पातळ पसरून निववावा व शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवावा.

3. फ्रिज नसल्यास भात सकाळसाठी ठेवूच नये. रात्रभर बाहेर राहिलेला भात उकिरड्यात पुरावा. त्याचे खत होते.

4. लग्नकार्यातला उरलेला भात गाईम्हशींना घमेलेभर घालू नये. पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते.

सुनेने असा बदल सुचवला तर घरात वाद होतो. सासूबाईंनी स्वतः सुरू केला तर तीच घराची रीत होते. म्हणून सुरुवात वडीलधाऱ्यांनी करावी.