मरणास टेकलेला आणि परत मिळालेला

पाठ : फिलिप्पै २:२५-३०. सोबत वाचावे : प्रेषितांची कृत्ये २८:१-१०, लूक १७:११-१९.

आजच्या पाठातील मनुष्य आपणांपैकी फार थोड्यांच्या ओळखीचा असेल. एपफ्रदीत हा फिलिप्पै येथील मंडळीचा सेवक. पौल बंदीत आहे असे कळल्यावर त्या मंडळीने त्याच्या गरजेसाठी वर्गणी जमविली व ती पोहोचविण्याचे काम ह्याच्यावर सोपविले. पौल त्या वेळी रोम शहरी होता असे परंपरेने मानितात, आणि तसे असल्यास ही वाट हजार किलोमीटरांहून अधिक. ह्या सेवेत एपफ्रदीत दुखण्यास पडला व मरणास टेकला. दुखणे कोणते, हे पौल सांगत नाही. देवाने त्याजवर दया केली आणि तो उठला, एवढेच तो लिहितो. परंतु लगेच आणखी एक गोष्ट जोडतो, की ती दया एकट्या एपफ्रदीतावर झाली नाही. पौलावरही झाली, नाहीतर त्याच्या दुःखावर दुःख आले असते.

ह्या जोडलेल्या शब्दांपाशी थोडे थांबावे. दुखणे एकाचे, दया दोघांवर. खाटेवर पडलेल्यास पुष्कळदा शुद्धही नसते. रात्रीचे प्रहर मोजतो तो उशाशी बसलेला. आई, बाप, धनी, घरधनीण, थोरला भाऊ ह्यांच्यापैकी ज्याने ती रात्र काढली, त्याला परत मिळालेले माणूस हे देवाने दुसऱ्यांदा दिलेले माणूस असते. म्हणून उपकारस्तुति करावयाची ती बऱ्या झालेल्याने एकट्याने नव्हे, साऱ्या घराने.

आणखी एक गोष्ट पाहावी. ह्याच पौलाने मिलिता बेटात पुब्ल्याच्या बापाचा ताप व हगवण प्रार्थना करून व हात ठेवून बरी केली. एपफ्रदीताच्या बाबतीत असा चमत्कार केल्याचे लिहिलेले नाही. त्रफिमाला तर त्याने मिलेतात आजारीच मागे ठेविले (२ तीमथ्य ४:२०). तेव्हा बरे करणे हे पौलाच्या मुठीत नव्हते. एपफ्रदीत कदाचित पेज पीत, कोणाच्या तरी हाताला धरून उठत, हळूहळू सुधारला असेल. तथापि पौल त्यास देवाची दयाच म्हणतो, आणि चमत्कार नाही म्हणून ती उणी लेखीत नाही.

आता आपल्या गावांकडे येऊ. पऱ्हाटीचा ढीग हलविताना किंवा धुऱ्यावर गवत कापताना पान लागते, विंचू मारतो. शेजारपाजार जमतो. कोणी म्हणतो देवाचा कोप, कोणी म्हणतो मागील पाप, कोणी मांत्रिकाकडे धावतो. पोर वाचले तर तेच लोक म्हणतात, पुण्याई मोठी. मिलितातही असेच झाले. पौलाच्या हाताला साप झोंबला तेव्हा तेथील लोकांनी त्यास खुनी ठरविले. हात सुजला नाही असे पाहून त्यांनी त्यास देव ठरविले. दोन्ही निवाडे खोटे. साप चावल्याने मनुष्य पापी ठरत नाही, वाचल्याने पुण्यवान ठरत नाही. हे ज्या घरास पटले, तेच घर मोकळ्या मनाने आभार मानू शकते; कारण वाचणे हे त्याच्या पुण्याईचे वेतन नसून देणगी आहे.

येथे नवसाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वी आपले वडील म्हणत, पोर वाचले तर बोकड देईन. आता कोणी म्हणतो, पोर वाचले तर मंडळीला पाचशे रुपये देईन. नाव बदलले, सौदा तोच राहिला. पोर न वाचले तर ह्या सौद्याचे काय? स्तोत्र ११६ मध्ये नवस फेडण्याची भाषा आहे, हे कोणी दाखवील, आणि ते खरे आहे. परंतु तेथे स्तोत्रकर्ता प्रथम विचारतो की देवाच्या उपकारांची फेड मी कशाने करू, आणि मग हाती घेतो तो तारणाचा प्याला, म्हणजे पुन्हा मिळालेलेच काही. बरे झाल्यावर आनंदाने अर्पण आणावे. दुखण्यात भाव ठरवू नये.

मग औषधाचे काय? ज्या घरात प्रार्थना झाली, त्या घराने डॉक्टरचे आभार मानिल्यास देवाचा मान कमी होतो, असे काही भाविकांस वाटते. ह्याविषयी आपल्या महाराष्ट्रातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आताच्या जालना जिल्ह्यातले. त्यांचे वैद्यकीचे पहिले शिक्षण नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात झाले. १९७६ साली ते महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेले. कोकणात त्या काळी लाल विंचू मृत्यूचेच दुसरे नाव होते. धडधाकट माणूस घामाने भिजे, ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत, छातीत पाणी भरे, आणि पुष्कळदा एका दिवसात सारे संपे. गंभीर दंश झालेल्या चारांतील एक तरी दगावे. बावस्कर रोग्यांपाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवीत गेले. विष हृदयावर कसा ताण आणिते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि रक्तदाबावर दिली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी ह्या रोग्यांस देऊन पाहिली. १९८० नंतरच्या दशकात मृत्यूचे प्रमाण उतरत शंभरात एकाच्या आसपास आले. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविषही मिळू लागले, व गोळीबरोबर ते दिल्यास रोगी लवकर सुधारतो असे त्यांनी २०११ साली दाखविले. २०२२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

विचार करा, त्या डोंगराळ मुलखात किती आयांना आपले लेकरू परत मिळाले असेल. ती दया देवाची की गोळीची, असा वाद घालीत बसणे आम्हांस तरी पोरखेळ वाटतो. दया करणाऱ्याचा पंथ विचारून मग आभार मानावयाचे, हेही आपल्या प्रभूच्या शिष्यांस शोभत नाही. दहा कोडी शुद्ध झाले, त्यांतून परत आलेला एक शोमरोनी होता, हे विसरू नये. तो परत आला, ही तर त्या गोष्टीतील मुख्य बाब. म्हणून ज्या घराचे माणूस वाचले, त्याने देवळात जावे, तसेच आरोग्य केंद्रातही जावे, आणि त्या रात्री जागलेल्या नर्सबाईस व १०८ क्रमांकाच्या गाडीवाल्यास भेटावे.

उपदेशक बंधूंनो, उपकारस्तुतीच्या सभेत प्रार्थनेबरोबर हेही सांगा : नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्यांपैकी कोणीही चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अवयव हलू न देता रोग्यास थेट दवाखान्यात न्यावे. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळते. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतली. मंत्र घालण्यात गेलेला एक तास पुष्कळदा जीव घेतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. ज्या आळीत एकाचे मूल वाचले, त्याच आळीत दुसऱ्याचे गेले असेल. आनंदाच्या सभेत साक्ष देणारा सहज बोलून जातो, आमचा विश्वास होता म्हणून आमचे पोर वाचले. मागे बसलेल्या त्या दुसऱ्या आईने हे ऐकून काय समजावे? पौलाने एपफ्रदीताविषयी असे एक अक्षरही लिहिले नाही. साक्षीपूर्वी उपदेशकाने त्या घरच्यांशी बसून बोलावे, आणि सभेच्या आदल्या सांजेस त्यांना बरोबर घेऊन त्या शोकाच्या घरी जावे. तेथे फार बोलू नये. त्या आईला आपल्या लेकराचे नाव घेऊ द्यावे, व तिने म्हटले तरच प्रार्थना करावी.