चिखलातला न्यूमोनिया : मेलिऑइडोसिसचा एक धडा

महाड-पोलादपूर परिसरात पावसाळा म्हणजे भातलावणीचे दिवस. खाचरातील चिखलात अनवाणी उभे राहणे येथील शेतकऱ्यास नवे नाही. अशा ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या एका जिवाणूची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मांडणी सामान्य माणसाच्या दृष्टीने केली आहे.

या जिवाणूचे नाव बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. रंगून येथे व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. भारतातील पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदला गेला. पुढे कर्नाटकाच्या किनारपट्टीवरही अनेक रुग्ण आढळले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० जणांना हा रोग होतो व ८९,००० दगावतात.

जिवाणू त्वचेवरील जखमेतून, श्वासावाटे किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, अतिमद्यपान व फुप्फुसाचा जुनाट आजार असणाऱ्यांस धोका अधिक.

उदाहरणार्थ, वर्षानुवर्षे विडी ओढल्याने धाप लागणारा एखादा शेतकरी घ्या. लावणीनंतर त्यास ताप व खोकला येतो, वजन घटते, छातीच्या क्ष-किरण चित्रात डाग दिसतो. साहजिकच क्षयाची शंका येते. थुंकीत क्षयाचे जंतू नसतानाही केवळ चित्रावरून क्षयाची औषधे सुरू झाली, तर मोलाचे दिवस वाया जातात, कारण मेलिऑइडोसिसवर त्या उपचाराचा भरवसा धरता येत नाही.

खरे निदान थुंकी, रक्त वा पू यांच्या कल्चर तपासणीने होते. मात्र हा जिवाणू सहज दुसऱ्याच जातीचा समजला जातो. म्हणून डॉक्टरांनी आपली शंका प्रयोगशाळेस आधी कळविणे अगत्याचे. उपचारात प्रथम किमान दहा ते चौदा दिवस सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून देतात. त्यानंतर किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटताच गोळ्या सोडल्यास रोग उलटू शकतो.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडकरांनी घराघरांतून चिखल उपसला. असे काम करताना गमबूट व हातमोजे वापरावेत, जखम झाकावी, पाणी उकळून प्यावे. रोगावर लस उपलब्ध नाही. नातेवाइकांनी रुग्णाचा मधुमेह, जुना दमा व चिखलातील काम डॉक्टरांस न विचारता सांगावे.

हिशेबनीस म्हणून एवढेच नमूद करतो : कल्चरचा खर्च वहीत लहान दिसतो, चुकलेल्या निदानाची किंमत मात्र कुटुंब मोजते. देणगीदारांचा रुपया प्रयोगशाळेत खर्ची पडतो, तो याचसाठी.